तंजावरला अचानक मुक्काम पडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरमध्ये मदुराईहून कुंभकोणमला निघाले होते. खोली कुंभकोणमला घेतलेली, तंजावर फक्त वाटेतलं नाव. दुपारपासून पाऊस होता, गाडी रखडत रखडत आली आणि रात्री सव्वाअकराला तंजावरच्या नव्या बसस्टँडवर कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. पुढे रस्त्यावर पाणी आलं होतं, गाडी जाणार नव्हती. पाठीवर बारा किलोची बॅग, पाय ओले, आणि समोरच्या पाट्यांवरचं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

पहाटेच्या पहिल्या गाडीने निघायचं असं ठरवून झोपले आणि तिथे दोन रात्री राहिले. तेव्हापासून दक्षिणेत एकटेदुकटे फिरणारे मित्रमैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बरीचशी कुठल्याही अनोळखी गावाला लागू पडतील, पण मला माहीत आहे ते तंजावर, म्हणून बोलते ते तंजावरबद्दलच.

रात्री अनोळखी गावात उतरवलं. सगळ्यात आधी काय करायचं?

उजेडात उभं राहा. चहाची टपरी, तिकीट खिडकी, पोलीस चौकी, जिथे चार माणसं आहेत तिथे. बॅग खाली ठेवून पाणी प्या आणि फोनची बॅटरी किती उरली आहे ते बघा. हे सगळं दोन मिनिटांत होतं, पण ती दोन मिनिटं न थांबता लोक समोर येईल त्या रिक्षात बसतात आणि मग रिक्षावाला नेईल ती खोली घेतात.

त्यानंतर तीनच गोष्टी ठरवा, याच क्रमाने: आज झोपायचं कुठे, घरी कळवायचं काय, आणि जिथे पोचणार होतो त्यांना सांगायचं काय. उद्याचा बेत उद्या. रात्री साडेअकराला, भिजलेल्या अंगाने आखलेला बेत सहसा घाबरून आखलेला असतो. माझाही तसाच होता.

मी टपरीवाल्याला विचारलं, "अण्णा, लॉज?" त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं, स्टँडबाहेर दोन बोटं दाखवली आणि एक बोट मिटून दुसरं हलवलं. पहिला नको, दुसरा घे. तो सल्ला बरोबर निघाला.

नवा स्टँड, जुना स्टँड ही काय भानगड आहे?

हे आधी समजून घ्या, नाहीतर गोंधळ होतो. जुना बसस्टँड गावाच्या मध्यात आहे. तिथून बृहदीश्वराचं मंदिर, राजवाडा, रेल्वे स्टेशन सगळं जवळ. नवा स्टँड गावाबाहेर, चार-पाच किलोमीटरवर. मदुराई, त्रिची अशा लांबच्या गाड्या बहुतेक नव्या स्टँडला लागतात. दोन्हींच्या मध्ये सिटी बस सतत धावतात, पण रात्री उशिरा रिक्षाच करावी लागते.

तिथे 'पळैय' म्हणजे जुना आणि 'पुदु' म्हणजे नवा. "पळैय बसस्टँड पोगुमा?" असं विचारलं की ही गाडी जुन्या स्टँडला जाते का ते कळतं.

दिवसा पोचलात तर थेट जुन्या स्टँडच्या किंवा स्टेशनच्या बाजूला खोली घ्या. मध्यरात्री पोचलात तर जिथे उतरलात तिथेच झोपा आणि सकाळी हला.

लॉज घेताना काय बघायचं?

आधारकार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र लागतंच, मूळ कार्ड जवळ हवं. पैसे देण्याआधी खोली बघा. दाराची कडी आतून नीट लागते का, खिडकी बंद होते का, नळाला पाणी आहे का. तमिळनाडूत बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे रात्री बाराला आलात तर दुसऱ्या रात्री बारापर्यंत खोली तुमची. हे विचारून घ्या, कारण अचानक अडकलेल्या माणसाला याचा मोठा फायदा होतो. सकाळी अकराला हाकलतील म्हणून घाईने उठायची गरज राहत नाही, दिवसभर बॅग खोलीत ठेवून मोकळ्या हाताने फिरता येतं.

एकटी बाई असेल तर?

मी एकटीच होते. खोलीचा दर ठरवण्याआधी मी मॅनेजरच्या समोर घरी फोन लावला आणि लॉजचं नाव, खोलीचा नंबर मराठीत मोठ्याने सांगितला. भाषा कळली नाही तरी काय चाललंय ते समोरच्याला कळतं. तळमजल्यावरची खोली घेतली नाही, पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची घेतली.

खोली घ्यायला मन धजत नसेल तर रेल्वे स्टेशन गाठा. जंक्शन आहे, रात्रभर जाग असते, बायकांची वेगळी वेटिंग रूम मिळते, पण जवळ तिकीट हवं. रेल्वेच्या मदतीसाठी 139 आणि कुठल्याही संकटात 112, हे दोन नंबर पाठ असू द्या.

दिवसाची एक चांगली गोष्ट: तमिळनाडूत 2021 पासून साध्या सिटी बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट हातात देतो.

स्टेशनवर रात्र काढता येते का? बॅग ठेवता येते का?

रिटायरिंग रूम कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर मिळते, आयआरसीटीसीवरून आधी घेता येते. बसने येऊन अडकलेल्याकडे पीएनआर नसतो, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवू नका.

क्लोकरूमला बॅग द्यायची तर तिला कुलूप हवं. पाठीवरच्या बॅगेला आपण कुलूप लावत नाही आणि तिथेच अडतं. दोन छोटी कुलुपं आणि सायकलला लावतात तशी एक बारीक साखळी बॅगेच्या तळाशी कायम ठेवते मी.

पुढची गाडी चुकली. पैसे परत मिळतात?

रेल्वेच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवा. तुमची गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलंत, तर ती प्रत्यक्षात सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे मिळतात. दोन गाड्या जोडून प्रवास असेल तर दोन्ही पीएनआर आयआरसीटीसीवर एकमेकांना जोडून ठेवा. ही सोय 2019 पासून आहे. पहिली उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर पहिली पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर भरायचा. आणि नुसतं तिकीट रद्द करून टीडीआर भरला असं समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोलीच्या पैशांचं म्हणाल तर आधी फोन करा. मी रात्री पावणेबाराला कुंभकोणमच्या लॉजला फोन करून खरं कारण सांगितलं. त्यांनी बुकिंग दोन दिवस पुढे ढकललं. न कळवता राहिले असते तर ते पैसे गेलेच असते.

तमिळ येत नाही. हिंदी चालते का?

स्टेशनवर, मोठ्या हॉटेलात थोडीफार. रिक्षावाले, खानावळी, सिटी बस इथे फारशी नाही. मोडकंतोडकं इंग्रजी त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पण माझा अनुभव असा की तमिळचे दहा शब्द या दोन्हींपेक्षा जास्त कामाला येतात, कारण ते ऐकल्यावर समोरचा माणूस वेळ काढून बोलतो.

एव्वळवु म्हणजे किती. एंगे म्हणजे कुठे. तण्णी म्हणजे पाणी. पोदुम म्हणजे पुरे, हा जेवताना लागतो. वेण्डाम म्हणजे नको, हा सगळीकडे लागतो. पोगुमा म्हणजे जाईल का: गावाचं नाव घ्या आणि पुढे पोगुमा जोडा. नाळैक्कु म्हणजे उद्या. नंड्री म्हणजे आभार. आणि अण्णा, अक्का तर आपल्या घरातलेच आहेत, तेच अर्थ, तोच जिव्हाळा. रिक्षावाल्याला 'भैया' म्हणू नका, 'अण्णा' म्हणा.

बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात, पण सिटी बसचे नंबर आपल्याच ओळखीच्या आकड्यांत. लॉजवर नंबर विचारून हातावर लिहून घ्या.

जेवायला काय मिळतं?

रात्री उशिरा परोट्याची दुकानं उघडी असतात. ती शोधायला पत्ता लागत नाही, कोत्तु परोटा करताना तव्यावर दोन लोखंडी पट्ट्या आपटतात, तो ठेका दोन गल्ल्या सोडून ऐकू येतो. शाकाहारी असाल तर इडली, डोसा, पोंगल. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण घ्या आणि पान वाढल्यावर त्यावर पाणी शिंपडून स्वतः पुसा, तशीच पद्धत आहे. कॉफी पितळी किंवा स्टीलच्या पेल्यात आणि डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, येते. ओतून ओतून गार करायची आणि फेस राहिलेला असतानाच प्यायची.

सांबार तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, संभाजीराजांच्या नावावरून नाव पडलं, ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी नक्की ऐकवेल. आमसूल नव्हतं म्हणून आमटीत चिंच घातली, असं सांगतात. ती सांगोवांगीची गोष्ट आहे, इतिहास म्हणून पुढे पाठवू नका. ऐकायला मात्र छान वाटते, विशेषतः समोर पानावर गरम सांबार असताना.

एकच दिवस आहे. काय बघू?

दोनच ठिकाणं: बृहदीश्वराचं मोठं मंदिर आणि राजवाडा. सकाळी सहाच्या सुमाराला मंदिरात पोचा. दुपारी साडेबारा ते चार मंदिर बंद असतं, तेव्हा राजवाड्यात जा. संध्याकाळी पुन्हा मंदिरात या. एकाच दिवसात दोनदा कशाला, असं वाटेल. पण सकाळी दगड राखाडी असतो आणि संध्याकाळच्या उन्हात मधासारखा होतो, आणि गावातले लोक खरे संध्याकाळीच येतात. पोरं अंगणात पळतात, म्हाताऱ्या हिरवळीवर पाय पसरून बसतात, कुणीतरी डबा उघडतं. हजार वर्षांचं देऊळ गावाचं अंगण झालेलं बघायचं असेल तर ती वेळ.

मंदिर पहिल्या राजराज चोळाने बांधलं, 1010 च्या सुमारास पूर्ण झालं, आणि 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, साठ मीटरहून उंच आहे आणि सगळं ग्रॅनाइटचं. हे उंची सांगणारे आकडे तिथे उभं राहिल्यावर कमी पडतात. मान मागे टाकून बघताना पाठीवरची बॅग तुम्हाला खाली ओढते, म्हणून सांगते, बॅग खोलीवर ठेवून या. चपला बाहेर ठेवाव्या लागतात, आणि दुपारच्या आधी अंगणातली फरशी तापते, तेव्हा मोजे जवळ ठेवा.

जोत्याभोवती तमिळ शिलालेख कोरलेले आहेत. मंदिराला काय दिलं, कोणाची नेमणूक झाली, त्यात चारशे नर्तकींची नावं आणि त्यांना दिलेली घरं. एका राजाने आपल्या मोठेपणाबरोबर नाचणाऱ्या बायकांची नावं दगडात लिहून ठेवली, हे मला मंदिराच्या उंचीपेक्षा मोठं वाटतं.

विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरं का?

नाही. पडते. मी सकाळी तिच्यातच बसले होते.

मराठी शिलालेख म्हणतात तो कुठे आहे?

ज्या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसले तो हाच.

बाहेरच्या भिंतीला लागून चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत. बहुतेक लोक मधलं देऊळ आणि मोठा नंदी बघून परत फिरतात. तुम्ही ओवरीतून चालत नैर्ऋत्य कोपऱ्याकडे जा. तिथे भिंतीवर देवनागरी दिसू लागते. हा भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत, 1803 मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरून घेतलेला. मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते.

मी पंधरा दिवस तमिळनाडूत फिरत होते. पंधरा दिवस पाट्या, तिकिटं, दुकानं, औषधाच्या चिठ्ठ्या, काहीच वाचता आलं नव्हतं. वाचता येणाऱ्या माणसाला हे किती थकवतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आणि त्या ओवरीत कबुतरांच्या पिसांशेजारी, काळपट दगडावर, ओळीमागून ओळ आपली अक्षरं. अक्षराचं वळण जुनं, शब्द सलग कोरलेले, मध्ये जागा सोडलेली नाही. पहिली पाच मिनिटं काहीच लागेना. मग 'राजे' लागलं. मग 'भोसले'. बोट दगडापासून जरा दूर धरून मी एकेक अक्षर लावत गेले आणि मोठ्याने वाचत असल्याचं मला शेजारी उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलीमुळे कळलं. तिने इंग्रजीत विचारलं, तुम्हाला हे वाचता येतं? मी हो म्हटलं. तिने आईला हाक मारली आणि मग मी त्या दोघींना, जेवढं लागत होतं तेवढं, वाचून दाखवलं. त्यांनी मला त्यांच्या बाजूची, जोत्यावरची अक्षरं वाचून दाखवली. जुनी तमिळ त्यांनाही पूर्ण लागत नव्हती.

वाचायला जाणार असाल तर सकाळी जा, प्रकाश तिरका पडतो तेव्हा अक्षरं उठून दिसतात. हात लावू नका, खडू किंवा पाणी तर अजिबात नको.

मराठे इतक्या लांब कसे आले?

थोडक्यात: शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं आणि त्यांचं घराणं तिथे 1855 पर्यंत राहिलं. 1799 नंतर कारभार इंग्रजांकडे गेला, राजांकडे किल्ला आणि मान तेवढा उरला. 1855 मध्ये शेवटचे राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं.

शिलालेख कोरवणारे सरफोजी याच उताराच्या काळातले. हातात राज्य नव्हतं, म्हणून त्यांनी पुस्तकं जमवली, छापखाना घातला, डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवून त्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. राज्य गेलेल्या माणसाने आपल्या कुळाची कथा परक्या भाषेच्या मुलखात दगडावर लिहून ठेवावी, हे त्या ओवरीत उभं राहिल्यावर मला नीट समजलं.

राजवाड्यात काय आहे?

इमारत मुळात मराठ्यांआधीच्या नायक राजांची, मराठ्यांनी वाढवलेली. आत चोळ काळातल्या पितळी-ब्राँझच्या मूर्तींचं दालन आहे, तिथे एक तास तरी द्या. दुसरं म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळी सुरू झालेलं, सरफोजींनी वाढवलेलं, 1918 पासून सार्वजनिक. संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांची बाडं तिथे आहेत. प्रवाशाला आतल्या कपाटांपर्यंत जाता येत नाही, पण संग्रहालयाच्या खोलीत निवडक पानं मांडलेली असतात. बाकी राजवाड्याची पडझड झालेली आहे. ती बघून वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं.

तिथे मराठी बोलणारं कोणी भेटेल का?

भेटू शकतं. तंजावर, कुंभकोणम भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. 1828 मध्ये कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव, जे पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले, ते याच समाजातले. या घरांतली मराठी आपल्यापेक्षा वेगळी, जुने शब्द जपलेली आणि तमिळचा सूर लागलेली. ती ऐकली तर 'अशुद्ध' म्हणू नका, ही कळकळीची विनंती. साडेतीनशे वर्षं चहूबाजूंनी दुसरी भाषा असताना घरात टिकवलेली मराठी आहे ती. मला राजवाड्याबाहेर बाहुल्या विकणाऱ्या एका आजोबांनी मी फोनवर बोलत असताना हाक मारली, "कोण गावचे?" मी सांगितलं सातारा. ते म्हणाले, आमचे पणजोबा सांगायचे ते नाव. नंतर आम्ही बाहुलीबद्दलच बोललो, ती डोकं डोलवणारी, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी. बॅगेत मोज्यांत गुंडाळून आणली, फुटली नाही.

आणखी अर्धा दिवस असेल तर?

तिरुवैयारूला जा, 13 किलोमीटर, बस सतत आहेत. कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. जानेवारीत त्यांची आराधना, म्हणजे संगीताचा उत्सव, असते तेव्हा तुफान गर्दी, एरवी शांत. येताना मुगाच्या डाळीचा, तुपाने चमकणारा अशोका हलवा घ्या, गरम असतानाच खा.

तेही नको असेल तर मंदिराशेजारच्या शिवगंगा बागेत बसा. तिथे 1779 मधलं श्वार्ट्झ चर्च आहे. श्वार्ट्झ हे मिशनरी सरफोजींचे लहानपणीचे गुरू होते.

भिजलेल्या बॅगेचं काय करायचं?

त्याच रात्री सगळं बाहेर काढा, कितीही झोप आली असली तरी. पंख्याखाली दोरी बांधून कपडे टाका, बूट वर्तमानपत्र कोंबून ठेवा, दोन तासांनी जाग आली तर कागद बदला. पुढच्या वेळी बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सामान भरा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा, आपला जूनचा हिशेब तिथे चालत नाही. बॅगेवरचं रेनकव्हर तासभर टिकतं, त्या पावसात नाही.

घरी काय सांगायचं?

खरं तेच, पण क्रम उलटा करून. आधी "मी खोलीत आहे, दार लावलंय", मग गाडी पुढे जात नसल्याचं. माझ्या आईने पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी तिने विचारलं, जेवलीस का?

पुढे कुंभकोणमला कसं जायचं?

चाळीस किलोमीटर आहे. बस दर थोड्या वेळाने मिळतात. पाऊस असेल तर मी रेल्वे सुचवेन, रूळ रस्त्यापेक्षा उंचावर असल्याने पाणी साचलं तरी गाडी निघण्याची शक्यता जास्त असते, आणि तासाभरात पोचवते. त्रिचीला परत जायचं तरी तासाभराचाच रेल्वेप्रवास. साध्या पॅसेंजरचं तिकीट खिडकीवर मिळतं. मी तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. डावीकडच्या खिडकीत बसले होते, भाताच्या खाचरांत गुडघाभर पाणी होतं आणि त्यात विमानाचं टोक गाडी वळेपर्यंत दिसत राहिलं.